चौथा पाय

डोळ्यांच्या दवाखान्यात पुकारणाऱ्या बाईनं "तिनपाये" अशी हाक दिली आणि दोन माणसं उभी राहिली. यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. ज्याच्या आडनावाची हाक दिली की अर्धा दवाखाना 'कोण, मी का?' म्हणून वळून बघतो, त्याला तर हे कळायचंच नाही. पण तिच्या आख्ख्या आयुष्यात, आणि आयुष्य तसं पन्नाशी ओलांडून बरंच पुढं आलेलं, या आडनावाला तिच्याशिवाय आणि आप्पांशिवाय कुणी ओ दिली नव्हती. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे समोरचं सगळं पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं. त्या पाण्यात एक उंच, खांद्यातून जरा वाकलेला माणूस उभा होता. क्षणभर तिला वाटलं, औषधानं आपणच दोन दिसायला लागलो.

"तिनपाये कोण?" बाईनं पुन्हा विचारलं.

"मी," ती म्हणाली.

"मी," तो म्हणाला.

"नंबर एकच आहे. घरातलेच ना तुम्ही? मग आपसात ठरवा की. इथं मला कशाला मध्ये घालता?"

घरातलेच.  तो माणूस हसून म्हणाला, "त्यांना जाऊ द्या आधी. आमच्यात बायकांना आधी सोडतात." जणू 'आमच्यात' म्हणून काही होतंच, आणि त्यात काय काय चालतं ते त्याला ठाऊक होतं.

आत डॉक्टरांनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि वर बघा, खाली बघा सुरू केलं. ती वर बघत होती, खाली बघत होती, आणि मनानं मात्र बघत होती आप्पांकडे. आप्पा म्हणजे तिचे वडील. सारी हयात खुर्च्या केल्या आणि त्याहून जास्त गोष्टी केल्या. शाळेत तीन पायांच्या शर्यतीत मास्तरांनी तिला हमखास पुढं काढावं, "हिला बांधायचीसुद्धा गरज नाही" असं कुणीतरी म्हणावं आणि वर्गानं फिदीफिदी हसावं. ती रडत घरी आली की आप्पा रंधा बाजूला ठेवायचे, तोंडातले खिळे काढून तळहातावर घ्यायचे आणि विचारायचे, "खडू, आपल्याला तिनपाये का म्हणतात ते सांगितलं का मी तुला?" सांगितलेलं असायचं. दर वेळी वेगळं. एकदा पणजोबांच्या पणजोबांनी एका राजासाठी तीन पायांचं सिंहासन केलं होतं. तीन पायांवरचं आसन कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, पण बसणाऱ्याला डुलकी लागली की त्याला सरळ खाली घालतं. त्यामुळे तो राजा जन्मभर जागा राहिला आणि प्रजा सुखी झाली. एकदा पूर्वजांकडे तीन पायांचा घोडा होता, आणि तो सगळ्या शर्यती जिंकायचा, कारण इतर घोड्यांना चार पाय उचलावे लागत, याला एक कमी. "मग तो उभा कसा राहायचा, आप्पा?" "उभा कशाला राहील? सारखा जिंकत असायचा ना!" रडं कुठं पळायचं कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गात तो घोडा ऐटीत सांगायची आणि आणखी हसू करून घ्यायची. पण आता रडू यायचं नाही, कारण त्या हसणाऱ्यांच्या घरी घोडा नव्हता.

मोठी झाल्यावर तिला वाटायचं, खरं कारण तर रोज डोळ्यांसमोरून जातंय. आप्पांच्या कारखान्यातून, कारखाना म्हणजे काय, एक लांबोडकी खोली, तिथून कुठलीही खुर्ची चार पायांवर बाहेर पडत नसे. तीन पाय बसवायचे, कापून सारखे करायचे. चौथा मुद्दाम लांब ठेवायचा आणि काखेत मारायचा. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, खुर्ची जिथं कायमची राहणार तिथं ठेवायची, जो रोज बसणार त्यालाच वर बसवायचं, आणि मग आप्पा जमिनीवर पालथे पडून, एक डोळा मिटून, त्या जमिनीच्या मापानं चौथा पाय कापायचे. "जमीन कुठलीच सरळ नसते, खडू. माणूसही सरळ बसत नाही. या दोघांचं भांडण मिटवायचं काम चौथ्या पायाचं." कापायची रेघ मारायला खडू लागे आणि खडू धरायचं काम तिचं, म्हणून ती खडू. बाप खांद्यावर तीन पायांची खुर्ची उलटी घेऊन आणि मागं लेक मुठीत खडू घेऊन, अशी ही वरात रस्त्यातून निघाली की लोक नाहीतर काय म्हणणार? एकदा तिनं ते बोलून दाखवलं. आप्पा इतके दुखावले की त्यांनी करवत खाली ठेवली. "धंद्यावरनं आडनाव? आपण काय इतके आळशी आहोत, की हाताला लागलं तेच आडनाव म्हणून उचललं?"

या तऱ्हेत एक खोट होती आणि ती आप्पांसकट सगळ्यांना ठाऊक होती. अशी खुर्ची त्या एका जागेपुरतीच शहाणी. तिला दुसऱ्या खोलीत न्या, ती डुगडुगलीच. गिऱ्हाइकं तक्रार करायची, आप्पा म्हणायचे, "खुर्ची हलवली कुणी? मी का?" तिच्या लग्नात त्यांनी तिला खुर्ची केली, रुंद पाठीची, हाताखाली गुळगुळीत. सासरच्या खोलीची फरशी मोरीकडे उतरती होती. आप्पा पालथे पडले, सासूबाई दारात उभं राहून बघत राहिल्या, ती नवी साडी सांभाळत बसली आणि त्यांनी पाय कापला. आठ वर्षं ती खुर्ची तिथं गप्प बसली. खुर्चीवर बसणारीही तशी गप्पच. आणि मग एके दिवशी बसणारी निघाली. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन माणसांना एकमेकांशी बोलायला काही उरलं नव्हतं आणि ते दोघांनीही कबूल केलं, इतकंच. टेंपोत एक ट्रंक, कामाची हत्यारं आणि ती खुर्ची. आडनावही तिनं परत घेतलं. तिच्या नव्या खोलीत, खिडकीजवळ, खुर्ची ठेवली, बसली, आणि खुर्चीनं मागच्या डाव्या पायावर 'टक' केलं.

"आप्पा, दुरुस्त करा ना."

"कापलेला पाय वाढतो का?"

"मग बाकीचे तीन कापा."

"एकासाठी तीन चांगले पाय कापू?" आप्पा खुर्चीशेजारी टेकले आणि मग, हातात रंधा नसताना, तोंडात खिळे नसताना, हळूच म्हणाले, "तिनपाये का म्हणतात ते सांगितलं का मी तुला?" ही गोष्ट त्यांनी त्या एकाच वेळी सांगितली. पणजोबांना एक धाकटा भाऊ होता. कशावरून तरी बिनसलं, आणि तो घर सोडून गेला; जाताना कारखान्यात तयार असलेले सगळे चौथे पाय मोळी बांधून घेऊन गेला. सकाळी पणजोबा उठून बघतात तर सगळ्या खुर्च्या तीन पायांवर. "मग?" "मग काय? तिनावर सांभाळून बसायला शिकले. बसता येतं, खडू. नाही येत असं नाही." मग म्हणाले, "आणि गेलेला येतो कधीतरी. पाय घेऊन येतो." ती हसली होती. तेव्हापासून खुर्चीच्या त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती, आणि ती घडी दबली की नवी.

डॉक्टर म्हणाले, झालं, बाहेर बसा, डोळ्यांतलं औषध उतरेपर्यंत उन्हात जाऊ नका. बाहेर बाकावर तो माणूस होताच.

"बसा," त्यानं सरकून जागा केली. "तुम्ही कुठले तिनपाये?"

"कुठले म्हणजे? आम्हीच. दुसरे आहेत हेच मला आज कळलं."

"घ्या! आणि मी समजत होतो, आम्हीच." तो खळखळून हसला. डोळे बारीक केले की तो आता बराचसा दिसत होता. साठीचा असावा, बोटांच्या टोकांना कसल्याशा रसायनाचा जुना पिवळटपणा होता, आणि तो तिच्याकडे बघताना मान किंचित तिरकी करायचा, जणू उजेड कुठून येतोय ते बघतोय. ती त्याच्या दातांकडे बघत होती. वरचे पुढचे चार बसवलेले, आणि बसवणाऱ्यानं रंग एक छटा जास्त पांढरा घेतलेला. ती दातांच्या कवळ्या करते. तिला माणसात आधी तेच दिसतं. पण खरं तर ती तिथं हनुवटी शोधत होती. आप्पांच्या हनुवटीला मधोमध खळी होती आणि तिच्याही. याच्या हनुवटीला नव्हती.

"तुमचं आडनाव कशावरून पडलं?" तिनं विचारलं. 

"आमचं सोपं आहे. आजोबा फोटो काढायचे. लाकडी पेटी, तीन पायांचा लाकडी स्टँड, डोक्यावर काळं फडकं. जत्रेबित्रेत गर्दीच्या वर तो स्टँड दिसला की लोक म्हणायचे, आले तिनपाये. मूळचं आडनाव काय होतं ते वडिलांनासुद्धा माहीत नव्हतं. मीही फोटोच काढतो. पासपोर्टचे. हनुवटी खाली, डोळे उघडे, की झालं."

म्हणजे नाही. म्हणजे कुणीच नाही. स्टँडचे तीन पाय निराळे आणि खुर्चीचे तीन निराळे. दोन वाटा दोन टोकांकडून आल्या आणि एका पुकारणाऱ्या बाईच्या तोंडात चुकून भेटल्या. तिला स्वतःचाच राग आला. पन्नाशी उलटल्यावर पणजोबांच्या धाकट्या भावाची वाट बघायची म्हणजे हद्द झाली. आणि डोळ्यांतलं पाणी औषधाचं आहे असं सांगायची सोय होती, म्हणून तिनं ते पुसलं नाही. मग, कोण कुठला माणूस, पण आडनाव लावून बसलेला, त्याला घोड्यापासून मोळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. आप्पा तिच्याकडेच राहायला आले होते. त्यांची कवळी तिनंच केली होती, जीव ओतून, आणि आप्पा ती जेवायला कधी लावत नसत. "जेवायला हिरड्या पुरतात. कवळी बोलायला." गोष्ट सांगायची असली की हात पुढं करायचे, "कवळी दे," आणि तिला कळायचं, आता घोडा निघाला. पण गेल्या आजारपणात एकदा त्यांनी तिचा हात धरून म्हटलं, "मी गेल्यावर या नावाला ओ देणारी तू एकटीच की गं." त्या दिवसापासून कवळी वाटीतल्या पाण्यात पडून होती. ती रोज पाणी बदलायची. आप्पा आपल्या तीन पायांच्या स्टुलावर बसून खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचे. बोलणं हो, नाही, बस, इतकंच.

फोटोवाला ऐकत राहिला. मग म्हणाला, "स्टँडचा एक पाय आहे माझ्याकडे. दोन वाळवीनं खाल्ले. तो घेऊन येतो की."

"खोटं बोलायचं? त्यांच्याशी?"

"बोलायचं कशाला? पाय आणतो. बोलायचं ते बोलतील."

"ते लाकडातले आहेत. बोट लावलं की ओळखतील."

"ओळखले तर चहा पिऊन परत जाईन. मला तरी कुठं कोण वाट बघतंय घरी?"

ती हो म्हणाली नाही. त्याच्या दुकानाचा नंबर मात्र घेतला. पुढचे दिवस ती कामावर साच्यात मेण ओतत होती, प्लास्टर घोटत होती, एका आजीबाईंची खालची कवळी पुन्हा पुन्हा बसवून बघत होती. ती एका बाजूला अशी डुगडुगायची की दिसायची नाही, फक्त बोटाला कळायची. तिनं दातांमध्ये निळा कागद धरला, वरची कवळी खालचीवर दाबली, जिथं निळं उमटलं तिथं कणभर घासलं. पुन्हा कागद, पुन्हा घासणं. हे सगळं आप्पांचंच. आप्पा भोकात काजळी फासायचे, पाय आत घालून काढायचे आणि काळं लागेल तिथं तासायचे. म्हणजे एका परीनं तीही लोकांच्या तोंडात चौथा पायच बसवत होती. आणि तिच्या मनात एकच भीती घोळत होती. आप्पा बोट लावतील, त्यांना कळेल, आणि मग तो धाकटा भाऊ, जो कुठंतरी मोळी घेऊन अजून चालत असेल अशी थोडी तरी शक्यता होती, तो कायमचा संपेल. गोष्ट खोटी असली तरी ती अजून कुणी खोटी पाडलेली नव्हती. ती पाडायला आपणच माणूस घरी आणायचा? पण वाटीतलं पाणी बदलताना तिला कवळी हसताना दिसली. ते हसू तिनंच घडवलेलं होतं. सगळे दात जागच्या जागी आणि तोंड मात्र नाही. तिनं फोन लावला.

तो सुटीच्या दिवशी आला, इस्त्रीचा शर्ट घालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाय काखेत मारून. ते काखेत मारणं इतकं ओळखीचं होतं की तिला दारातच थांबावं लागलं.

"आप्पा, हे आलेत. हेही तिनपाये," ती म्हणाली. पुढं काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं आणि त्यातलं एक अक्षर आठवेना.

आप्पांनी वर बघितलं. हनुवटीकडे बघितलं, तिला ते दिसलं. मग वर्तमानपत्राकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले. फोटोवाल्यानं कागद सोडला. पाय गडद रंगाचा होता, वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला, खालच्या टोकाला पितळी कडं. आप्पांनी तो मांडीवर आडवा घेतला. अंगठा सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. एका बाजूला लांब खाच होती. तिथं अंगठा थांबला. खुर्चीच्या पायाला अशी खाच कशाला असेल? पितळी कड्याशी पुन्हा थांबला. त्यांनी पाय नाकाशी नेला, वास घेतला.  स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळून उकळून आटत होतं आणि कुणी उठत नव्हतं.

"खडू," आप्पा हिरड्यांनी म्हणाले, "कवळी दे."

तिच्या हातून वाटीतलं अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. कवळी बसली, आप्पांनी ती जिभेनं एकदा चाचपली आणि त्यांचा चेहरा पुन्हा भरला, गाल आपल्या जागी आले. "हत्यारं कुठंयत? आणि ती खुर्ची आण इकडं. नको, तिथंच राहू दे. तिथंच राहणार ना ती?"

"तिथंच," ती म्हणाली.

जुना पाय ठोकून काढला, पुठ्ठ्याची घडी जमिनीवर तशीच राहिली. काजळी नव्हती, तर तिनं कामाचा निळा कागद आणला. आप्पांनी तो उलटसुलट बघून "हं, बरं आहे" केलं, म्हणजे मोठीच शाबासकी. वरचं टोक तासायला त्यांचा हात थरथरत होता, म्हणून तिनं आपली बारीक कानस घेतली. आप्पांनी निळं कुठं उमटलंय ते बोटानं दाखवायचं आणि तिनं घासायचं. पाय बसला. खाली मात्र तो चांगला हातभर जास्त होता, आणि खुर्ची एका अंगावर कलंडून उभी.

"आता हा कापायचा," आप्पा म्हणाले.

 फोटोवाल्याकडे आजोबांचं तेवढंच उरलेलं होतं. त्यानं खाली बसून एकदा पितळी कड्यावरून हात फिरवला. "कापलाच पाहिजे?"

"नाही कापला तर भिंतीला टेकवून ठेवा जन्मभर. जमिनीला लागायचा असला तर कापावाच लागतो."

फोटोवाल्यानं करवत घेतली. "कडं मी नेईन," एवढंच म्हणाला.

"ने की. तुझंच आहे." आप्पांनी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. "बस गं खडू. नेहमी बसतेस तशी बस, पाहुण्यांसमोर बसल्यासारखी नको." ती बसली.  आप्पांनी पालथं पडायचा हट्ट धरला. ती उठली, दोघांनी मिळून त्यांना सतरंजीवर उतरवलं, ती परत बसली, फोटोवाल्यानं एका हातानं खुर्ची खालून तोलून धरली, आणि ते गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून बघायला लागले. खडू या वेळी फोटोवाल्याच्या दुसऱ्या हातात होता. वरून तिला दोघांच्या फक्त पाठी दिसत होत्या, एक इस्त्रीची, एक चुरगळलेली, आणि दोन्ही खांद्यातून सारख्याच वाकलेल्या. लाकडावर वाकणाऱ्याचा खांदा तसा होतो. फडक्याखाली वाकणाऱ्याचाही होत असेल.

त्यानं रेघ मारली, तिथंच कापलं. करवतीचा आवाज थांबला. कडं घरंगळत खाटेखाली गेलं. आप्पा म्हणाले, "सोड आता." फोटोवाल्यानं हात काढले. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं अंग आवळलं, मागच्या डाव्या पायाच्या 'टक'साठी. ते आलं नाही. ती जरा पुढं झाली, जरा मागं झाली. खुर्ची गप्प होती. तिला काय करावं ते कळेना, म्हणून ती तशीच बसून राहिली, हात खुर्चीच्या हातांवर ठेवून.

आप्पा सतरंजीवरच पालथे होते, उठायची घाई नव्हती. जमिनीशी बोलल्यासारखे ते बोलायला लागले. "तर तो धाकटा मोळी घेऊन निघाला. चालतोय, चालतोय. पाय विकले, पाय जाळले, थंडीत काय करणार. उरले तीन. तेवढ्यात वाटेत त्याला भेटला एक माणूस, डोक्यावर काळं फडकं, पुढ्यात काचेची पेटी. म्हणाला, अरे, माझी पेटी उभी राहत नाही, तुझे पाय दे की..."

तिनं फोटोवाल्याकडे बघितलं. पेटीचं, फडक्याचं या घरात कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. फोटोवाला खाटेखालून काढलेलं पितळी कडं शर्टाच्या बाहीनं पुसत होता, आणि त्याचे जरा जास्तच पांढरे चार दात सगळे दिसत होते.

"मग त्यानं दिले?" त्यानं विचारलं.

"मध्ये बोलू नकोस," आप्पा म्हणाले. "तुमच्या धाकट्या पातीला ही खोड पहिल्यापासूनचीच."